अक्कालाही 'चल' म्हटलं

१

धरणगावच्या द्रौपदाबाईंना उपकार मानायची भारी खोड. एस.टी.चा कंडक्टर माणसाला थांब्यावर उतरवतो, ते त्याचं कामच. तरी ह्या खाली उतरून त्याला हात जोडणार. दूधवाल्याला, गिरणीवाल्याला, दारातल्या कडुनिंबालासुद्धा. नवरा, गिरधरभाऊ, चेष्टेनं म्हणायचे, "अगं, थोडे आभार शिल्लक ठेव, म्हातारपणी लागतील."

त्याच गिरधरभाऊंनी आदल्या हिवाळ्यात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. यंत्राला तेल देता देता छातीला हात लावून खाली बसले. जळगावला नेलं, डॉक्टरांनी वाचवलं. बजावून सांगितलं, की ह्यांना दगदग नको, आणि एकदम धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. तेव्हापासून बाईंच्या खोडीचं वेडच झालं म्हणा ना. पहाटे नवऱ्याची छाती वरखाली होताना दिसली, की आधी छताकडे बघून हात जोडायच्या आणि मग स्टोव्ह पेटवायच्या.

साल एकोणनव्वद. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. नाशिकला दिलेली लेक, मंदा, हट्टाला पेटली. "जन्मभर जळगाव आणि फैजपूर सोडून कुठे गेलात तुम्ही? मुंबई बघून या." तिनं आणि जावयानं गाडीचं आरक्षण केलं, लॉजची खोली ठरवली आणि तिकिटं हातात दिली. पोरीचं केवढं ते मन, म्हणून द्रौपदाबाई दोन दिवस रडत आणि हसत होत्या.

अडचण एकच होती. त्यांचं लग्न अखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं. खान्देशात अखाजीला घर बंद ठेवून कोणी जात नाही. त्या दिवशी घरातल्या वारलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरायची, वर आंबा ठेवायचा, दुपारी बाराला निखाऱ्यावर घास टाकून त्यांना जेवायला बोलवायचं. आणि द्रौपदाबाईंच्या घरात ज्या माणसाची घागर भरायची, ती होती शेवंताबाई. गिरधरभाऊंची पहिली बायको.

शेवंताबाई शिंदखेड्याकडची. तिचंही लग्न अखाजीलाच लागलं होतं. चौथ्या वर्षी तिला विषमज्वर झाला. तापाच्या माणसाला पाणी द्यायचं नाही, अशी तेव्हाची समजूत. पाणी पाणी करत गेली बिचारी. सासूनं हे द्रौपदाबाईंना लग्नानंतर लगेच सांगितलं होतं आणि सांगताना स्वतः हमसून रडली होती. म्हणून पंचवीस वर्षं द्रौपदाबाईंनी ती घागर कधी चुकवली नाही. तिला त्या 'अक्का' म्हणत. देवघरात तिचा चांदीचा टाक होता. रोज आधी त्याला कुंकू, मग स्वतःच्या कपाळाला. "तुझा संसार माझ्या पदरात पडला गं," असं मनातल्या मनात म्हणत, आणि ते खरंच मनापासून असे.

यंदा त्यांनी घागर दोन दिवस आधीच भरली. उंबऱ्याजवळ ठेवली, आंबा ठेवला, हात जोडले. बाहेर रिक्षा उभी, गिरधरभाऊ हाका मारतायत. आणि आपल्याकडे घरातून निघताना मागे राहणाऱ्याला 'चला ना' म्हटल्याशिवाय पाय निघत नाही. त्यानं 'नको, तुम्ही जाऊन या' म्हणायचं, मग आपण निघायचं. सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "अक्का, आम्ही मुंबईला जातोय. तू पण चल ना गं!"

घागर काय उत्तर देणार? द्रौपदाबाईंनी कुलूप लावलं आणि रिक्षात बसल्या.

२

लॉज गिरगावात होता, जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खोली लहान पण स्वच्छ. एक पलंग, लोखंडी कपाट, तिपाईवर स्टीलचा जग, आणि वर फिरताना टकटक करणारा पंखा. खिडकीतून मागच्या चाळीची वाळत घातलेली धुणी दिसायची. द्रौपदाबाईंनी खिडकीचे आभार मानले, गादीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "अहो, राजाराणीसारखं वाटतंय हो."

"राणीला चहा हवा असेल," गिरधरभाऊ म्हणाले आणि त्यांनी बेल दाबली.

आला तो पन्नाशीचा, टक्कल पडलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस. नाव हिलाल. धरणगावचं नाव ऐकताच त्याचा चेहरा फुलला. "अरे बाप रे! मी शिंदखेडाना शे ना भाऊ! वीस वर्षं झाली इथं येऊन. आपल्याकडचं माणूस दिसलं की जीव गार होतो."

तो चहा घेऊन आला, तेव्हा ताटलीत कप तीन होते आणि पाण्याचे पेलेही तीन.

"तिसरा कोणाला हो?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

हिलालनं त्यांच्याकडे बघितलं, मग खोलीत नजर फिरवली, मग न्हाणीघराच्या लोटलेल्या दाराकडे बघून समजल्यासारखी मान हलवली. "राहू द्या, होईल उपयोग," म्हणाला आणि गेला.

घाईत चुकलं असेल त्याचं, द्रौपदाबाईंना वाटलं. आपल्यामागून जिन्यानं आणखी कोणी बाई चढत असेल, तिला आपल्यातली समजला असेल. तिसरा चहा गिरधरभाऊंनी घेऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच संपवला. तिसऱ्या पेल्यातलं पाणी तसंच ठेवून दोघं चौपाटीला जाऊन आली. परत आल्यावर पेला रिकामा होता आणि जगही. जग गळका असेल म्हणून त्यांनी तिपाईवरून हात फिरवला. तिपाई कोरडी होती.

३

दुसऱ्या दिवशी मुंबई दर्शनची बस. पहाटेपासून बाईंचा उत्साह असा, की गिरधरभाऊ म्हणाले, "पोरगी झालीस अगदी." त्यांना तीन माणसांच्या बाकावर जागा मिळाली. कडेला गिरधरभाऊ, मधे द्रौपदाबाई, खिडकीची जागा मोकळी.

"सरक की खिडकीशी," गिरधरभाऊ म्हणाले.

द्रौपदाबाई सरकू लागल्या आणि थांबल्या. का थांबल्या, ते त्यांना सांगता आलं नसतं. कोणी बसलेलं असताना आपण आपोआप थांबतो, तशा थांबल्या. मागून एक गुजराती गृहस्थ आले, मोकळी जागा शोधत होते. त्यांच्या बाकापाशी वाकले, खिडकीकडे बघितलं, "माफ करजो, बेन," म्हणाले आणि मागे जाऊन बसले. द्रौपदाबाई म्हणाल्या, "अहो, या ना, बसा." पण ते तोवर दूर गेले होते.

मला उद्देशून म्हणाले असतील, त्यांनी मनाशी ठरवलं. दुसरं काय असणार?

बाकी दिवस फार सुखाचा गेला. मत्स्यालयात रंगीत मासे बघून त्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. गेटवेपाशी वाऱ्यानं पदर उडाला, तेव्हा गिरधरभाऊंनी लोकांच्या देखत तो त्यांच्या डोक्यावर नीट घेतला. पंचवीस वर्षांत असं काही त्यांनी केलं नव्हतं. बाईंचे डोळे भरून आले. हा माणूस हिवाळ्यात गेला असता तर आपण आज कुठल्या कोपऱ्यात बसलो असतो, या विचारानं त्यांनी समुद्रालाच हात जोडले. ओल्या वाऱ्यातही त्यांच्या घशाला कोरड पडली होती. ही आपली तहान नव्हे, असं एकदा वाटून गेलं. मग त्यांनी स्वतःलाच दटावलं, की उन्हात फिरून डोकं फिरलंय तुझं, द्रौपदे.

४

संध्याकाळी गिरधरभाऊ अंघोळीला गेले होते. हिलाल पाण्याचा भरलेला जग घेऊन आला आणि दारातच घोटाळला.

"ताई, एक विचारू? त्या बाईंसाठी खाली गादी टाकून देऊ का? कालपास्नं बघतोय, त्या बसत पण नाहीत."

 आवाज साधा ठेवून द्रौपदाबाईंनी विचारलं, "कुठल्या बाई, हिलालभाऊ?"

"तुमच्या संगतीच्या. मोठ्या बहीण ना तुमच्या? सकाळी जिन्यावर उभ्या होत्या. मी म्हटलं, काय पाहिजे माय? तर म्हणाल्या, 'भाऊ, पानी दे ना.' बोलणं बठ्ठं, सगळं आमच्या शिंदखेडाकडचं. मला तर आईच आठवली." त्यानं जग तिपाईवर ठेवला. "मी तांब्या दिला. ताई, काय सांगू, एका दमात संपवला. दुसरा दिला, तो पण. दवाखान्यात दाखवा त्यांना. एवढी तहान बरी नाही."

"दाखवते," द्रौपदाबाई म्हणाल्या. "तुमचे फार उपकार झाले, पाणी दिलंत."

तो गेल्यावर त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. आपणच बोलावलं होतं. 'तू पण चल ना गं,' असं आपणच तोंडानं म्हटलं होतं आणि ती बिचारी 'नको' म्हणाली नव्हती. पहिल्यांदा त्यांना भीती नाही, लाजच वाटली. पाहुण्याला बोलावून आणायचं आणि दोन दिवस पाणीसुद्धा विचारायचं नाही!

मग भीती वाटली. उद्या अखाजी. उद्या आपल्या लग्नाचा वाढदिवस. पण उद्या तिच्याही लग्नाचा वाढदिवस होता. आणि नवरा दोघींचा एकच. ती कशासाठी आली असेल?

न्हाणीघरात गिरधरभाऊ गुणगुणत होते. त्यांना हे सांगायची सोय नव्हती. डॉक्टरांचे शब्द बाईंच्या कानात होते. हे असं काही नसतंच, त्या स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत राहिल्या. हिलालला कोणीतरी शेजारच्या खोलीतली बाई दिसली असेल. शिंदखेड्याची माणसं मुंबईत काय कमी आहेत? हे पटतं न पटतं तोच तिपाईवरच्या जगाकडे त्यांचं लक्ष गेलं. आत्ता भरून ठेवलेला. त्या उठून बघायला गेल्या नाहीत.

५

अखाजीच्या सकाळी त्यांनी ठरवून टाकलं. खरं असो, खोटं असो, घागर भरायची. पाण्यानं कोणाचं वाईट झालेलं नाही. गिरधरभाऊ न्याहारी करून पुन्हा आडवे झाले होते. जरा गळून गेल्यासारखं वाटतंय म्हणाले. "झोपा तुम्ही. मी खालून आंबे घेऊन येते," असं सांगून बाई बाहेर पडल्या.

मुंबईत घागर शोधायची म्हणजे काय सोपं काम? भर उन्हात दोन गल्ल्या हिंडल्या, तेव्हा एका माठवाल्याकडे लाल मातीची लहानशी घागर मिळाली. मिठाईच्या दुकानातून पुरणपोळ्या घेतल्या, कोपऱ्यावरून आंबा घेतला. लॉजच्या बोळातल्या नळावर घागर भरली आणि कंबरेवर घेऊन जिना चढल्या. येणारे-जाणारे बघत होते. बघेनात का! देवळांतल्या घंटा वाजत होत्या. बारा होत आले होते.

खोलीच्या दाराशी त्या पोचल्या आणि आतून गिरधरभाऊंचा आवाज ऐकू आला.

"हां, येस ना. मी येस. थांब ना जराशी."

द्रौपदाबाई जागच्या जागी थिजल्या. 'येतो, थांब जरा,' असं ते कोणाला तरी अहिराणीत सांगत होते. गिरधरभाऊ घरात कधी अहिराणी बोलत नसत. ह्या फैजपूरकडच्या, त्यांची बोली वेगळी. दोघांचं सगळं आयुष्य गावच्या साध्या मराठीत गेलं होतं. ती बोली ते एकाच माणसाशी बोलत, असं सासू सांगायची.

त्यांनी दार ढकललं.

पंखा फिरत होता, पण टकटक ऐकू येत नव्हती. पडद्यातून पिवळा उजेड आला होता. गिरधरभाऊ पलंगावर उठून बसले होते, डोळे मिटलेले. डावा हात छातीवर. पाय खाली सोडून ते अंगठ्यानं चपला चाचपत होते, बाहेर निघालेल्या माणसासारखे. ओठ निळसर दिसत होते.

आणि खिडकीपाशी, पाठ करून, कोणीतरी उभं होतं. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत जग. तोंडाला लावून पिणं चाललं होतं. घटाघटा, घटाघटा. कोपरांवरून काहीच निथळत नव्हतं. जगात थेंब उरलेला नव्हता, आणि पिण्याचा आवाज थांबत नव्हता.

द्रौपदाबाईंनी बघितलं ते एवढंच. मग त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा वर केली नाही. घागर फरशीवर ठेवली, पुरणपोळीचा पुडा सोडला, आंबा ठेवला. गुडघे टेकून बसल्या.  बोलल्या तेव्हा भांड्यावर भांडं आपटावं तसा आवाज निघाला.

"अक्का, चुकलं माझं. बोलावलं आणि विचारलं नाही. हे तुझं पाणी. पोटभर पी, सगळं पी." त्यांनी घागर पुढे सरकवली. "तुझ्या जागेवर मी पंचवीस वर्षं सुखात राहिले. तुझा नवरा, तुझी सासू, तुझी चूल. मला एका शब्दानं त्रास दिला नाहीस तू. त्याचे उपकार कसे फेडू? पण ह्यांना नको नेऊस गं. हात जोडते. नुकते कुठे वाचलेत. रिकाम्या हातानं जायचं नसेल, तर मला ने. माझं काही म्हणणं नाही. ह्यांना राहू दे."

पिण्याचा आवाज थांबला.

खोलीत काही हललं. लुगड्याचा काठ फरशीवरून सरकल्याचा आवाज जवळ आला, अगदी समोर येऊन थांबला. द्रौपदाबाईंना स्वतःच्या बांगड्या थरथरताना दिसत होत्या. तापलेल्या अंगातून यावी तशी झळ त्यांच्या कपाळाला लागली. मग घागर उचलली गेली. किती वेळ ती वर होती, कोण जाणे. परत टेकली तेव्हा तिचा आवाज पोकळ होता.

वर पंखा टकटक करू लागला. गिरधरभाऊ उशीवर कलंडले. बाई तशाच रांगत पलंगापाशी गेल्या आणि त्यांच्या छातीवर हात ठेवला. आत ठोके पडत होते. संथ, भरदार, वेळच्या वेळी.

६

चार वाजता गिरधरभाऊ उठले ते आंबा मागतच. चेहऱ्यावर तकाकी आली होती. "द्रौपदा, हिवाळ्यापासून अशी झोप लागली नव्हती बघ. छातीवरचा दगड कोणी उचलून नेल्यासारखं वाटतंय." त्यांनी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. हिलाल चहा घेऊन आला. ताटलीत कप दोनच होते. "त्या बाई गेल्या का, ताई?" त्यानं हळूच विचारलं.

"गेल्या," द्रौपदाबाई म्हणाल्या. "तुम्हाला आशीर्वाद देऊन गेल्या."

तो गेला. गिरधरभाऊ बशीत चहा ओतत होते. एकदम हसले. "कोण बाई? आणि हो, गंमत सांगायची राहिली. स्वप्नात शेवंता आली होती. इतक्या वर्षांत कधी नाही, ती आज. कुठेतरी नेत होती मला. मग म्हणाली, 'आते तहान गई मन्ही.' आणि निघाली. दारातून वळून मला म्हणते, 'द्रौपदाले सांगजो, मले कबूल शे.'" त्यांनी चहाचा घोट घेतला. "काय गं? कसलं कबूल? काय मागितलंस तू तिच्याकडे?"

द्रौपदाबाई बशीतल्या चहाकडे बघत राहिल्या.  हा माणूस समोर बसला होता, मिशीला चहा लागलेला, हसत. ह्याच्यासाठी म्हटलं ते सगळं खरं म्हटलं होतं. त्यात काही मागे घ्यायचं नव्हतं. फक्त कधी, ते त्यांनी विचारलं नव्हतं, आणि अक्कानं सांगितलंही नव्हतं. तरीही त्यांनी हात जोडले. दोन्ही तळवे अगदी घट्ट.

"काही नाही हो," त्या म्हणाल्या. "तुमचं भलं मागितलं. चला, उठा, समुद्रावर जाऊ."

"आत्ता? ऊन तरी उतरू दे. परवापर्यंत आहोत की इथे. उद्या जाऊ सावकाश."

द्रौपदाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्या चपला पुढे आणून ठेवल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "आजच जाऊ."